राज्य सरकारची लॉटरी कशी उभी राहते आणि तिचे वितरक कसे नेमले जातात

लॉटरी काढायची आहे, परवाना कुठे मिळतो? हा प्रश्न बरेच जण विचारतात आणि त्याचे सरळ उत्तर फार थोड्यांना माहीत असते. भारतात १९९८ च्या केंद्रीय कायद्याने मान्य केलेली लॉटरी ही फक्त राज्य सरकारची असते. खासगी कंपनी तिची वितरक होऊ शकते, तुम्ही-आम्ही विक्रेते होऊ शकतो, पण मालकी, सोडत आणि पैसा सरकारच्याच हाती राहिला पाहिजे.

इतर देशांत असे नसते. ब्रिटनने १९९३ मध्ये राष्ट्रीय लॉटरीचा कायदा केला आणि ती चालवण्याचा परवाना ठरावीक मुदतीसाठी एकाच कंपनीला द्यायचे ठरवले. पहिली सोडत १९ नोव्हेंबर १९९४ रोजी झाली. कॅमलॉट या कंपनीने जवळजवळ तीस वर्षे ती चालवली आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून परवाना ऑलविनकडे गेला. तिथे खेळ कंपनी चालवते आणि गॅम्बलिंग कमिशन तिच्यावर लक्ष ठेवते. आपल्याकडे केंद्र सरकारची लॉटरीच नाही. राज्याने लॉटरी स्वतः चालवायची आणि विक्रीपुरती मदत घ्यायची, अशी आपली रचना आहे. कागदावर ती ब्रिटनपेक्षा कडक आहे. मात्र राज्याने आपली कामे वितरकाच्या गळ्यात घातली, तर सरकारी शिक्क्याखाली खासगी जुगार उभा राहतो. म्हणून पुढची प्रत्येक पायरी वाचताना एकच गोष्ट तपासत जा: हे काम कायद्याने कोणाचे आणि प्रत्यक्षात ते करतो कोण?

अधिकार कुठून येतो

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत दोन नोंदी शेजारी ठेवून वाचाव्या लागतात. केंद्राच्या यादीतील ४० वी नोंद भारत सरकारने किंवा राज्य सरकारने चालवलेल्या लॉटऱ्यांची आहे. राज्यांच्या यादीतील ३४ वी नोंद पैज आणि जुगाराची. त्यामुळे सरकारी लॉटरीचे नियम संसद करते आणि मटका, पत्ते, जुगारअड्डे हा विषय राज्याचा राहतो. कराचा अधिकार मात्र वस्तू व सेवा कर येईपर्यंत राज्यांच्या यादीतील ६२ व्या नोंदीतून येत असे. या तीन नोंदींवरून केंद्र आणि राज्ये, तसेच राज्ये आणि राज्ये, यांच्यात कित्येक वर्षे कज्जे चालले आहेत.

लॉटरी हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नाही, हेही आधीच लक्षात घ्यावे. जुगार हा व्यापार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात सांगितले आणि १९९९ च्या बी. आर. एंटरप्रायझेस खटल्यात सरकारी लॉटरीलाही तेच लागू केले. लॉटरी सरकारची असली तरी ती जुगारच राहते. 'धंदा करण्याचा माझा मूलभूत हक्क' हा युक्तिवाद वितरकाला त्यामुळे फारसा उपयोगी पडत नाही.

राज्य सरकारची नसलेल्या आणि राज्य सरकारने अधिकृतही न केलेल्या लॉटरीची सोडत काढण्यासाठी जागा थाटणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. इमारतीतल्या 'लकी ड्रॉ'वाल्यांनी हे कलम एकदा तरी वाचावे.

लॉटरी हवी की नको, हा निर्णय

केरळने १९६७ मध्ये सरकारी लॉटरी सुरू केली आणि पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ रोजी काढली. महाराष्ट्राची राज्य लॉटरी १९६९ मध्ये आली. मटक्याकडे वळणारा पैसा सरकारी, हिशेबी वाटेने यावा हा तिचा एक जाहीर हेतू होता. तमिळनाडूने २००३ मध्ये आणि कर्नाटकाने २००७ मध्ये लॉटरी बंद केली.

या निर्णयाचा एक परिणाम सहज नजरेआड होतो. १९९८ च्या कायद्याच्या कलम ५ ने राज्याला इतर राज्यांच्या लॉटऱ्यांवर बंदी घालण्याचा अधिकार दिला आहे. पण बी. आर. एंटरप्रायझेसच्या निकालानुसार तो अधिकार वापरायचा असेल, तर राज्याला आधी स्वतःची लॉटरी सोडावी लागते. आपली चालू ठेवून शेजाऱ्याची अडवता येत नाही. महाराष्ट्राने हा अनुभव त्या कायद्याच्याही आधी घेतला होता: बाहेरच्या लॉटऱ्या रोखण्याचा राज्याचा प्रयत्न १९८४ मध्ये एच. अनराज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाणून पाडला. थोडक्यात, लॉटरी सुरू करणारे राज्य सिक्कीम, नागालँड, गोवा अशा सर्वांच्या तिकिटांना आपला बाजार खुला करते. बाहेरच्या तिकिटांवर कर लावण्याचा अधिकार मात्र वस्तू व सेवा कर येईपर्यंत त्याच्याकडे होता. कर्नाटक आणि केरळ यांचा तो अधिकार सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये मान्य केला.

खाते आणि नियम

निर्णय झाला की काम कोणत्या विभागाकडे द्यायचे ते ठरते. बहुतेक ठिकाणी ते वित्त विभागाकडे जाते. महाराष्ट्रात अल्पबचत आणि राज्य लॉटरी यांचे आयुक्तालय एकच असून लॉटरीचे कार्यालय नवी मुंबईत वाशीला आहे. गोव्यातही अल्पबचत आणि लॉटरी एकाच संचालनालयाकडे आहेत. बचतीचा प्रचार आणि लॉटरीची विक्री एकाच छपराखाली असणे मला पटत नाही, पण व्यवहार तसा चालतो.

राज्याचे स्वतःचे नियम १९९८ च्या त्याच कायद्याच्या कलम १२ खाली करायचे असतात. ते केंद्राच्या २०१० च्या लॉटरी नियमांशी जुळले पाहिजेत. सोडतीची वेळ, बक्षीस मागण्याची मुदत, वितरकाची पात्रता, तक्रार कोणाकडे करायची, या गोष्टी राज्याने ठरवायच्या असतात. मागणीची मुदत केरळात ३० दिवसांची आहे. त्या मुदतीत न मागितलेले बक्षीस सरकारजमा होते.

कलम ४: मोडू नयेत अशा अटी

साऱ्या व्यवस्थेचा कणा हे कलम आहे. आधीच जाहीर केलेल्या क्रमांकावर किंवा एक आकडी पद्धतीवर बक्षीस देता येत नाही. एक आकडी लॉटरी ही मटक्याचीच बहीण होती आणि तिने घरेच्या घरे बुडवली, म्हणून ही अट यादीत सगळ्यात वर आहे. तिकिटावर राज्याची मुद्रा आणि बोधचिन्ह हवे, खरेपणा ओळखता येईल अशी छपाई हवी आणि ती राज्याने करायची. विक्री राज्य स्वतः करेल किंवा वितरक, विक्रेते यांच्यामार्फत. विक्रीचा पैसा राज्याच्या लोकलेख्यात, म्हणजे सरकारच्या अधिकृत खात्यात, जमा झाला पाहिजे. सोडत राज्यानेच काढायची आणि तीही राज्याच्या हद्दीत. बंपर, म्हणजे खास मोठ्या बक्षिसाच्या, सोडती वर्षाला सहापेक्षा जास्त नकोत.

एका लॉटरीची आठवड्यातून एकच सोडत, ही अटही याच कलमात आहे. मग रोज, तासातासाला सोडती कशा निघतात? प्रत्येक वाराची आणि वेळेची लॉटरी वेगळ्या नावाने वेगळी योजना म्हणून दाखवली जाते. केरळात मंगळवारी स्त्री शक्ती, शनिवारी कारुण्य, असे चालते. २०१० च्या नियमांनी एका राज्याच्या सर्व योजना मिळून दिवसाला २४ सोडतींची कमाल मर्यादा घातली. वेगवेगळी नावे देऊन २४ पर्यंत जाणे कायद्यात बसते. आठवड्याला एकच सोडत असावी या मूळ विचाराशी मात्र त्याचा फारसा संबंध उरत नाही, आणि मला ही या कायद्यातली सर्वांत मोठी पळवाट वाटते.

उल्लंघनाची शिक्षा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, दंड किंवा दोन्ही अशी आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. खात्याचा प्रमुखही तीत येतो आणि बेकायदा लॉटरीचे तिकीट विकणाराही.

योजनेचे गणित

खरी मेहनत इथे लागते, म्हणून एक काल्पनिक योजना घेऊन शेवटपर्यंत जाऊ. तिकीट ५० रुपयांचे, छपाई १० लाख तिकिटांची. सगळी विकली तर दर्शनी रक्कम ५ कोटी.

पहिला वाटा वस्तू व सेवा कराचा. १ मार्च २०२० पासून लॉटरीवर सरसकट २८ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. कर दर्शनी किमतीतच धरलेला असतो, त्यामुळे ५ कोटींना १.४ ने भागायचे. करपात्र मूल्य सुमारे ३ कोटी ५७ लाख आणि कर सुमारे १ कोटी ४३ लाख. हा कर वितरकाने भरायचा असतो, कारण राज्याकडून वितरकाला होणाऱ्या पुरवठ्यावर उलट आकारणी, म्हणजे देणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने कर भरण्याची पद्धत, लागू आहे.

बक्षिसांसाठी दर्शनी रकमेच्या निम्मे, म्हणजे अडीच कोटी ठेवले. त्यांतले एक कोटी पहिल्या बक्षिसाचे, बाकी दीड कोटी लहान बक्षिसांचे. उरले १ कोटी ७ लाख. साखळीतल्या सगळ्यांचे कमिशन मिळून दर्शनी किमतीच्या १५ टक्के धरले, तर ७५ लाख गेले. राज्याच्या हातात ३२ लाख राहतात आणि त्यातूनच छपाई, जाहिरात, वाहतूक, सोडतीचा खर्च भागवायचा.

आता दहापैकी दोन तिकिटे पडून राहिली असे समजा. विक्री ४ कोटी, कर वजा जाता २ कोटी ८६ लाख. पहिले बक्षीस विकलेल्या तिकिटांतूनच द्यायची हमी असेल, तर ते एक कोटी कमी होत नाही. लहान बक्षिसे विक्रीच्या प्रमाणात १ कोटी २० लाखांवर येतात. कमिशन ६० लाख. उरतात जेमतेम ६ लाख, आणि छपाई तर पूर्ण १० लाख तिकिटांची झालेली असते. एका सोडतीत असा फटका बसतो.

म्हणून योजना आखणाऱ्याने पहिल्या बक्षिसाचा आकडा ठरवण्याआधी विक्री किती होईल याचा कमीत कमी अंदाज धरावा. बंपरच्या वेळी मोठा आकडा चालतो, कारण सणाच्या दिवसांत मागणी असते. केरळची तिरुवोणम बंपर २०२२ पासून २५ कोटींचे पहिले बक्षीस देते आणि तिचे तिकीट ५०० रुपयांचे असते. साप्ताहिक तिकिटावर तो आकडा पेलणार नाही. लहान बक्षिसांकडे दुर्लक्ष करू नये. शंभर-दोनशे रुपयांचे बक्षीस लागलेला माणूस बहुधा त्याच स्टॉलवर पुढचे तिकीट घेतो. विक्री यानेच टिकते आणि व्यसनही यातूनच लागते. दोन्ही गोष्टी योजना आखणाऱ्याला माहीत असायला हव्यात.

राजपत्र आणि छपाई

गणित बसले की योजना राजपत्रात अधिसूचित होते. लॉटरीचे नाव, तिकिटाची किंमत, कागदी असेल तर छापलेल्या तिकिटांची संख्या आणि एकूण मूल्य, वितरक किंवा विक्रेत्यांची नावे, बक्षिसांची रचना, एकूण बक्षीस रक्कम, सोडत किती दिवसांनी, कुठे आणि कोणत्या पद्धतीने, हे सगळे त्यात असावे लागते. पत्रकाराला किंवा संशयी ग्राहकाला तपासाची सुरुवात करायची असेल, तर ही अधिसूचना मिळवावी. तिकिटामागचा तक्ता आणि अधिसूचनेतला तक्ता जुळला नाही, तर पुढे काही बघायची गरज नाही.

कागदी तिकिटे सरकारी छापखान्यात किंवा रिझर्व्ह बँकेच्या अथवा इंडियन बँक्स असोसिएशनच्या यादीतल्या उच्च सुरक्षेच्या छापखान्यात छापावी लागतात. ऑनलाइन लॉटरी असेल, तर मुख्य सर्व्हर राज्याच्या हद्दीत हवा. छापखान्याला कामाचा आदेश राज्याकडून गेला की वितरकाकडून, हे फाइलमध्ये जरूर पाहावे. वितरकच छपाई सांभाळत असेल, तर किती तिकिटे छापली हे राज्याला त्याच्याच तोंडून ऐकावे लागते.

वितरकाची नेमणूक

दोन पद्धती रूढ आहेत. पहिलीत राज्य आपल्या कार्यालयांतून थेट नोंदणीकृत एजंटांना तिकिटे विकते. केरळ या पद्धतीचा नमुना आहे: जिल्हा लॉटरी कार्यालय, तिथून एजंट, एजंटाकडून रस्त्यावरचा विक्रेता. दुसरीत निविदा काढून एक किंवा मोजके मोठे वितरक नेमले जातात आणि ते देशभर तिकिटे पोचवतात. ईशान्येतल्या लहान राज्यांनी ही वाट धरली, कारण त्यांचा स्वतःचा बाजार छोटा आणि विक्री बाहेर.

निविदेत बोली कशावर लागते ते नीट ठरवावे. २०१० च्या नियमांनुसार राज्याने वितरकाकडून प्रत्येक साध्या सोडतीमागे किमान ५ लाख आणि बंपरमागे किमान १० लाख रुपये घ्यायचे असतात. हा तळ आहे. काही राज्यांनी किमान हमी महसूल घेऊन बाकी व्यवहाराकडे पाठ फिरवली. त्यात राज्याला ठरलेली रक्कम मिळते, पण खरी विक्री किती झाली ते कळत नाही, आणि विक्रीचा सगळा पैसा लोकलेख्यात यावा ही कलम ४ ची अट कागदावर उरते. माझ्या मते हमी रकमेवर बोली मागवूच नये. एकूण विक्रीतला टक्का मागावा आणि प्रत्येक सोडतीचा हिशेब घ्यावा.

पात्रतेत मागील वर्षांची उलाढाल, करभरणा, गुन्हेगारी प्रकरणे, कंपनीमागचे खरे मालक, यांची कागदपत्रे मागावीत. अनामत रक्कम किंवा बँक हमी अनिवार्य असते. तिचा आकडा एका सोडतीच्या बक्षिसांपेक्षा लहान असेल, तर ती केवळ शोभेची. करार झाल्यावर वितरकाने विक्रीचे दप्तर ठेवायचे, न विकलेली तिकिटे पूर्ण हिशेबासह आणि पैसे जमा केल्याच्या चलनांसह राज्याला परत करायची, असे नियम सांगतात.

वितरक राज्याचा एजंट की घाऊक खरेदीदार? सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२५ रोजी सिक्कीमच्या लॉटरीच्या प्रकरणात सांगितले की तिथला वितरक तिकिटे विकत घेतो, राज्याचा एजंट म्हणून सेवा देत नाही, म्हणून केंद्राला त्याच्यावर सेवाकर लावता येणार नाही. करारावर सही करताना न विकलेल्या तिकिटांचे कलम सगळ्यात आधी वाचावे. उरलेल्या तिकिटांवर बक्षीस लागले तर ते कोणाचे, याचे उत्तर त्यात एका वाक्यात मिळाले पाहिजे.

छोट्या विक्रेत्यासाठी मार्ग सोपा आहे. राज्याच्या लॉटरी कार्यालयात किंवा नेमलेल्या वितरकाकडे नोंदणी करायची, पॅन आणि पत्त्याचा पुरावा द्यायचा, घेतलेल्या प्रत्येक गड्डीची पावती ठेवायची. तिकिटाच्या फोटोवर विक्री करू नये. केरळची लॉटरी ऑनलाइन विकली जात नाही. तरीही मोबाइलवर तिच्या नावाने 'घरपोच' तिकिटे देणारे सापडतात आणि फसलेल्यांत मराठी माणसेही असतात.

सोडतीचा दिवस

सोडतीपूर्वी न विकलेल्या तिकिटांचे क्रमांक राज्याच्या हाती आले पाहिजेत. मग सरकारी अधिकारी आणि बाहेरचे पंच यांच्यासमोर यंत्र तपासायचे, एक-दोन चाचणी फेऱ्या घ्यायच्या, क्रमांक उघडपणे काढायचे, त्याच वेळी नोंदवहीत लिहायचे आणि पंचांच्या सह्या घ्यायच्या. निकाल राजपत्रात, वर्तमानपत्रांत आणि संकेतस्थळावर एकाच रूपात जावा. वितरकाचा प्रतिनिधी प्रेक्षकांत बसू शकतो. यंत्राला त्याचा हात लागता कामा नये.

बक्षीस लागले तर

१० हजार रुपयांपर्यंतचे बक्षीस सहसा विक्रेत्याकडे मिळते. त्यावरचे राज्याकडे मागावे लागते. मूळ तिकीट, ओळखपत्र, पॅन, बँकेचा तपशील आणि मागणी अर्ज द्यावा लागतो. तिकीट हातात येताच मागे नाव, पत्ता लिहून सही करावी. फाटलेले, खाडाखोड केलेले तिकीट बाद होऊ शकते. आयकराचा दर ३० टक्के, वर अधिभार आणि ४ टक्के उपकर. १० हजारांवरच्या बक्षिसातून कर आधीच कापला जातो आणि तिकिटांवर केलेला खर्च वजा मिळत नाही.

परदेशी लॉटरी लागल्याचा संदेश आला, तर एकच गोष्ट आठवावी: लॉटरीच्या तिकिटासाठी भारतातून परदेशी पैसा पाठवण्यास परकीय चलनाच्या नियमांनी मनाई आहे. 'प्रक्रिया शुल्क भरा' म्हणणारा प्रत्येक जण तुमच्याकडून बेकायदा व्यवहार करून घेत असतो.

लॉटरी बंद करायची असेल तर

नियम मोडणाऱ्या लॉटरीवर केंद्र सरकार कलम ६ खाली राजपत्रातून बंदी आणू शकते. राज्यही स्वतःहून थांबू शकते. अशा वेळी जाहीर झालेल्या सोडती पुऱ्या कराव्यात, मागणीच्या मुदती संपेपर्यंत कार्यालय चालू ठेवावे, वितरकाची बँक हमी शेवटचे बक्षीस दिल्याशिवाय सोडू नये. आणि विक्रेत्यांची यादी आधी तयार करावी. लॉटरीची तिकिटे विकणाऱ्यांत अपंग, वृद्ध आणि दुसरे काम न मिळणारे लोक मोठ्या संख्येने असतात. केरळने त्यांच्यासाठी २००८ मध्ये कल्याण निधीचा कायदा केला. ज्या राज्याकडे असा निधी नाही त्याने बंदीचा आदेश काढण्याआधी तो उभारावा, कारण आदेश निघाल्यावर विक्रेत्याचा स्टॉल दुसऱ्याच दिवशी उठतो आणि राज्याकडे त्याचे नावही नसते.